कादंबरीतल्या नवऱ्यावर जळणाऱ्या अण्णांना

अक्का,

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातला. वय ५७. टॉवेलचे सहा माग आहेत, पूर्वी आठ होते. लग्नाला २९ वर्षं झाली. दोन्ही मुली दिल्या, एक हैदराबादला, एक पुण्याला. आमच्या घरात तेलुगू बोलतात. पण बायको मराठी शाळेत शिकलेली, तिला वाचनाचं वेड. दुपारी चार ते साडेपाच ती खिडकीकडे पाठ करून बसते, म्हणजे उजेड पानावर येतो. पान दुमडत नाही, किराणाच्या पुडीचा दोरा खूण म्हणून घालते. त्या वेळात मी काही मागितलं तर उठून देते, पण एक बोट पुस्तकातच असतं.

दिवाळीनंतर एक कादंबरी संपवून ती रडत बसली. शेवट वाईट आहे का, विचारलं. नाही म्हणाली. मग रडतेस कशाला? तर म्हणाली, "त्याला तिच्या चहात साखर किती ते माहीत होतं." एवढ्यावर कुणी रडतं? मी हसलो. तिनं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. त्या रात्री मला झोप येईना. हिच्या चहात साखर किती, मला माहीत नाही. चहा तीच करते, मला कसं माहीत असणार?

ती देवळात गेली की मी ते पुस्तक वाचायचो. आठ दिवस लागले. त्यातला नवरा पन्नाशीचा, तरी बायकोला पत्रं लिहितो, न सांगता तिच्या मनातलं ओळखतो, पावसात जाऊन सोनचाफा आणतो. कामाला कधी जातो ते कुठे लिहिलेलं नाही. डिसेंबरात आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. चाफा मिळाला नाही, गजरा आणला. पुस्तकातलं एक वाक्य सुताच्या वहीत उतरवून पाठ केलं होतं, ते तिला म्हणून दाखवलं. जन्म मागाच्या खडखडाटात गेला अक्का, मला हळू बोलता येत नाही. शेजारची बाई बाहेर आली. बायको आधी म्हणाली, "मीकु एमैंदी?" म्हणजे तुम्हाला झालंय काय. मग हसायला लागली, भिंतीला धरून खाली बसली. मग म्हणाली, "हे पान १४२ वर आहे." आणि एकदम गप्प झाली. गजरा देवाला घातला. दीड महिना झाला, घरात बोलणं कामापुरतं.

मी पीत नाही. कधी हात उचलला नाही. २०२० मध्ये माग बंद पडले तेव्हा तिच्या बांगड्यांना हात न लावता दोन माग विकले. टॉवेलच्या मागावर सुताचे दोन बीम, म्हणजे रूळ, असतात. एक ताठ, एक सैल. सैल बीमच्या धाग्याचे लूप होतात, पाणी तेच पितात. मी सगळा ताठच राहिलो, मान्य आहे. पण ताठ धागा नसेल तर टॉवेल उभाच राहणार नाही, हे कुठल्या कादंबरीत लिहिलंय का? तिला नावानं हाक मारली नाही कधी, "इदिगो" म्हणतो. आता या वयात मी काय करू?

नाव छापू नये.

*

अण्णा,

तुम्ही माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, पण सोलापुरात भल्या माणसाला अण्णाच म्हणतात, म्हणून अण्णा. पत्र चार पानी आहे, वर छापलंय ते निम्मंही नाही. सुताचे भाव आणि वीजबिल मी गाळलं. उरलेल्यात तुमचा राग, तुमचा अपमान आणि तुमची बायको आहे. सगळ्यात जास्त जागा कुणी घेतलीय ते तुम्हीच मोजा.

आधी हसण्याचं बघू, कारण ते तुम्हाला जास्त लागलंय.

तुमच्या घरात भांडण तेलुगूत होतं. मुलींना झोपवलं तेलुगूत, अंगात ताप असला की कण्हणंही तेलुगूतच. त्या घरात तुम्ही एकदम छापील मराठीत, तेही मागावरच्या आवाजात, प्रेमाचं वाक्य म्हणालात. स्वयंपाकघरात हेडमास्तर शिरावेत तसं झालं असणार. मी असते तर मीही भिंत धरली असती. आणि ते वाक्य तिनं दोनदा वाचलेलं. संक्रांतीला एका घरून आलेलं वाण त्याच घरी परत नेऊन दिल्यासारखं झालं ते. वस्तू चांगलीच होती, फक्त तिची तिलाच दिलीत.

हसण्यात तुमची चेष्टा होती असं मला वाटत नाही. पण त्या आधीच्या हसण्याबद्दल तुम्ही घाईनं पुढे गेलात. ती रडली, तुम्ही कारण विचारलं, तिनं एका वाक्यात खरं कारण सांगितलं आणि तुम्ही हसलात. बाईला रडण्याचं खरं कारण एका वाक्यात सापडणं किती अवघड असतं, अण्णा! बहुतेक जणी "काही नाही, डोळ्यात गेलं" म्हणून मोकळ्या होतात. तुम्ही पहिल्यांदा हसलात, ती दुसऱ्यांदा हसली. हिशेबाच्या वहीत ते त्याच क्रमानं लिहा.

आता कादंबऱ्यांकडे येते, कारण माझा धंदा तोच होता. ३१ वर्षं मी सोलापुरातल्या एका वाचनालयात काउंटरला बसले. कोण काय नेतं, किती दिवसांनी आणतं आणि कुठल्या पानावर चहाचा डाग पाडून आणतं, हे सगळं माझ्या डोळ्यांखालून गेलंय. नवऱ्याच्या नावावर कार्ड आणि पुस्तकं मात्र बायकोची, अशी शेकड्यानं घरं. संध्याकाळी स्कूटरवर नवरा पुस्तक परत करायला येणार, खिशातून चिठ्ठी काढणार, चिठ्ठीवर बायकोचं अक्षर. "यातलं कुठलंही द्या, पण दुसरा भाग असेल तर आधी तो." यांतल्या एकानंही ते पुस्तक उघडून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही पाहिलंत. लपून का होईना, आठ दिवस बसून पुरं केलंत. हे तुमच्या खात्यावर जमा धरते.

ज्या कादंबरीवर तुम्ही जळताय, ती मी वाचली आहे. नाव देत नाही, उगाच तिचा खप वाढेल. वाईट नाही ती. पण त्या नवऱ्याला बायकोच्या मनातलं न सांगता कसं कळतं, माहितीये? लेखिकेनं त्याला आधीची १४१ पानं वाचायला दिलेली असतात! बायकोही तिनंच लिहिली, नवराही तिनंच. एका हातानं प्रश्न घातला, दुसऱ्या हातानं उत्तर. तुम्हाला ती सोय नाही. तुम्हाला विचारावं लागणार, आणि विचारल्यावर न हसता ऐकावं लागणार. आमचे हे रेल्वेत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी, तेव्हा मी त्यांना अशीच एक प्रेमकथा वाचून दाखवली. प्रत्येक प्रकरणाला घोरायचे, पण शेवटी वाद घातलाच. आणि प्रश्न तुमचाच: "हा माणूस ड्यूटीवर कधी जातो?"

आणखी एक गोष्ट काउंटरवर बसून कळली. मराठीत नवरा-बायकोच्या प्रेमाची सगळ्यात लाडकी कादंबरी कुठली म्हणाल, तर रणजित देसाईंची 'स्वामी', १९६२ ची. आमच्याकडच्या प्रतींची शेवटची पानं कायम सुटलेली असायची, इतकी ती हाताळली जात. माधवराव आणि रमाबाई. मीही रडलेय. पण माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला क्षयानं गेले तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते, आणि रमाबाई सती गेल्या. म्हणजे आपल्या डोक्यात आदर्श संसार म्हणून जो बसलाय त्यातला नवरा तिशीलाही पोचला नाही. गुडघे दुखायला लागले नाहीत, जावई रुसले नाहीत, माग विकावे लागले नाहीत.

लांब कशाला, आपल्या गावच्या डॉ. कोटणीसांचंच बघा. चीनमध्ये जखमींची सेवा करताना त्यांनी तिथल्याच ग्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये लग्न केलं, आणि १९४२ च्या डिसेंबरात ते गेले. १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, सगळ्या देशानं डोळे पुसले. संसार जेमतेम वर्षभराचा. त्या बाई मात्र २०१२ पर्यंत होत्या. सिनेमा संपल्यावर जवळजवळ सत्तर वर्षं! त्या सत्तर वर्षांवर कुणी पडदा वर केला नाही. कथेला मरण सोयीचं असतं. तिसावं वर्ष कसं लिहायचं, हे फार थोड्यांना जमलं.

ज्यांना जमलं ते फार जुने आहेत. मराठीची आजी म्हणजे महाराष्ट्री प्राकृत, आणि त्या भाषेतल्या, हाल नावाच्या सातवाहन राजाच्या नावावरच्या गाथांत एक गाथा आहे. चुलीपाशी काम करणारी बाई काजळीच्या हातानं गाल पुसते, गालाला काळं लागतं, आणि नवरा हसतो, म्हणतो, आता अगदी चंद्र झालीस, डागासकट. बस, एवढीच गाथा. फूल नाही, पत्र नाही. तो स्वयंपाकघरात होता आणि तिच्याकडे बघत होता. त्याच संग्रहात दुसरी आहे, ती मात्र अंगावर काटा आणते. सुखदुःखात बरोबर वाढलेलं, काळानं प्रेम मुरलेलं जोडपं असेल, तर दोघांतलं जे आधी मरतं ते जगलं म्हणायचं, आणि मागे उरतं ते मेलं. आमचे हे गेले त्या वर्षी मला ही गाथा आठवायची आणि मी मुद्दाम भाजी निवडत बसायचे.

आणि भवभूती. स्वतःचं मूळ विदर्भातल्या पद्मपूरचं सांगणारा, आठव्या शतकातला नाटककार. त्याच्या 'उत्तररामचरिता'त पहिल्याच अंकात राम आणि सीता आपल्या वनवासाची चित्रं बघतात. आपण लग्नाचा अल्बम काढतो तसंच. बघता बघता दमून सीता रामाच्या हातावर डोकं टेकून झोपते. तेव्हा राम जे म्हणतो, त्याच्याहून चांगली मुरलेल्या प्रेमाची व्याख्या मला कुठे मिळालेली नाही: सुखात दुःखात एकच राहणारं, मन जिथे विसावतं असं, म्हातारपणानं ज्याची गोडी जात नाही, आणि काळ जाईल तसे आडपडदे गळून ज्याचा नुसता स्नेहाचा अर्क उरतो ते प्रेम. वाचून डोळे मिटावेत. आणि त्याच अंकात, ती झोपेतच असताना, हा हात काढून घेतो आणि तिला वनात पाठवायचं ठरवतो!

म्हणून म्हणते, अण्णा, वाक्याला फार भिऊ नका. जगातलं सगळ्यात सुंदर वाक्य बोलणाऱ्या नवऱ्यानं त्याच दिवशी बायकोला घराबाहेर काढलं. तुम्ही वाक्य उसनं आणलंत, पण बांगड्यांना हात लावला नाहीत. दोन माग गेले.

भवभूतीचं आणखी एक सांगायचंय, तुमच्या कामाचं आहे. तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी राम पुन्हा दंडकारण्यात येतो. सीता तिथेच असते, पण त्याला दिसत नाही, तिला अदृश्य राहण्याचा वर आहे. तो तिच्यासाठी काय काय बोलतो, कसा कोसळतो, हे ती शेजारी उभी राहून ऐकते. तोवर तिच्या मनात अढी असते. ती अढी तोंडावर मागितलेल्या माफीनं सुटत नाही, पाठीमागे बोललेलं कानावर पडल्यानं सुटते. आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. उजेड पानावर यावा म्हणून ती खिडकीकडे पाठ करते. पान दुमडत नाही. उठली तरी एक बोट पुस्तकात. २९ वर्षांत हे सगळं तुम्ही पाहिलंत, ध्यानात ठेवलंत आणि कुणाला लिहिलंत? मला! मी कोण? ताठ बीम आणि सैल बीमचं ते वाक्य त्या अख्ख्या कादंबरीत शोधून सापडणार नाही. तेही मलाच. सीता तिकडे आणि राम सदर लिहिणाऱ्या बाईपाशी, असा तिसरा अंक मी आजवर पाहिला नव्हता.

साखरेचं मात्र तुम्हाला माहीत नाही. ते का, याचा विचार मी दोन दिवस करत होते. जे लांबून दिसतं ते सगळं तुम्ही पाहिलंय. खिडकी, पुस्तक, बोट. साखर लांबून दिसत नाही, त्यासाठी उठून ओट्यापाशी जावं लागतं.

आता जरा तुमच्या बाजूनं. कादंबऱ्यांनी आम्हा बायकांना एक वाईट सवय लावली आहे, न सांगता ओळखलं तरच ते प्रेम. मी स्वतः या सवयीपायी सात-आठ वर्षं फुकट घालवली. तुमच्या बायकोला तुमच्या चहातली साखर माहीत आहे, पण सहा माग चालवणाऱ्या माणसाला रात्री झोप का येत नाही, हे तिनं कधी विचारलं का? पत्रात तरी दिसत नाही. ताठ धाग्याबद्दल कुणी लिहीत नाही, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. गोष्टींत निष्ठा बहुतेक बायकोचीच. सावित्री यमामागून चालते, पण सत्यवान तिच्यासाठी चालला असता का, हे विचारायची वेळ गोष्ट येऊच देत नाही. परवाच आपल्याकडे सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हणताना सगळं गाव वऱ्हाडी होतं, मीही तांदूळ घेऊन उभी असते. ते लग्न सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागतं, कुंभारकन्येचं. तिची भक्ती इतकी, आणि ते योगी, म्हणून त्यांनी आपला योगदंड पुढे केला. श्रद्धेची गोष्ट आहे, मी हात जोडते. पण गर्दीतून घरी येताना दरवर्षी मनात येतं, की आपल्यातल्या बऱ्याच जणींचं लग्न माणसाशी लागून संसार काठीशी होतो. काठी भक्कम असते, आधाराची असते. बोलत नाही एवढंच.

नवऱ्यानं बायकोसाठी चालत यायचं, अशी गोष्ट हवी असेल तर तीही आपल्याच जिल्ह्यातली. रुक्मिणी रुसून द्वारकेहून दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधत पंढरपुरात आला. राज्य, दरबार सोडून! पुढे वाटेत पुंडलिकानं वीट फेकली आणि हा तिच्यावर उभा राहिला, तो अठ्ठावीस युगं झाली तरी उभाच. बायकोची समजूत काढायला निघालेला माणूस मध्येच कुणाच्या तरी कामात अडकला, ही गोष्ट ज्यानं पहिल्यांदा सांगितली तो नक्की संसारी असणार. पंढरपुरात आजही दोघांची देवळं वेगळी आहेत. वारकरी आधी त्याच्या पायावर डोकं ठेवतो आणि मग तिच्याकडे जातो, दोघांचं मिळून एक नाव घेत. तुमची वीट म्हणजे ते सहा माग. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण तुम्ही निघाला कशासाठी होतात तेवढं आठवा.

काय करायचं ते आता सांगते.

गजरा, चाफा, पाठ केलेलं वाक्य, हे सगळं सोडा. ते त्या पुस्तकातल्या बाईला आवडतं. तुमच्या बायकोला काय आवडतं, हे त्या लेखिकेला माहीत असायचं कारण नाही.

उद्या साडेतीनला माग कामगारावर सोपवून घरी या आणि चहा टाका. विचारू नका, टाका. पहिला चहा बिघडणार, कारण अंदाज चुकणार. ती एक घोट घेईल आणि एकतर "गोड झाला" म्हणेल, नाहीतर उठून डबा काढेल. कळलं माप. पन्नाशीच्या पुढे बऱ्याच बायका कुणाला न सांगता साखर अर्ध्यावर आणतात, तेव्हा कदाचित कादंबरी वाचली त्या दिवशी तिच्या कपात साखर नसेलही. एवढ्यानं दीड महिन्याचा अबोला सुटेल असं मी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका.

मग चार वाजता ती पुस्तक घेऊन बसली की तिच्याजवळ बसा आणि म्हणा, "यात काय चाललंय, मला तेलुगूत सांग." यावर माझी सगळी भिस्त आहे. तुमच्या घरात २९ वर्षं एक बाई दुसऱ्या भाषेत एकटी वाचते आहे. जे वाचते ते कुणाला सांगायचं झालं तर घरात ती भाषा नाही, आणि घरच्या भाषेत तिला कुणी विचारलं नाही. मुली होत्या तोवर त्यांना सांगत असेल, त्या गेल्या. ती त्या नवऱ्यावर भाळली असेल असं मला वाटत नाही. तिला कुणाशी तरी त्याच्याबद्दल बोलायचं होतं, तुम्ही हसलात, म्हणून तिनं तेच पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. ती सांगायला लागली की मध्ये मध्ये वाद घाला. "हा कामाला कधी जातो?" हे जरूर विचारा. बघा ती त्याची बाजू घेऊन कशी भांडते ते! तेलुगूतल्या भांडणाइतकं जवळचं मराठीत तुम्हाला काही जमणार नाही.

बांगड्यांचं आणि मागांचं तिला सांगायचं का? मला वाटतं तिला कळलेलं आहे. आठातले दोन माग गेले की आवाज बदलतो, घरातल्या बाईला तो पहिल्यांदा कळतो. तरी एकदा तोंडानं सांगा. आणि टॉवेलच्या दोन बीमचं तर सांगाच, तुमच्या नेहमीच्या आवाजात. शेजारीण बाहेर आली तर येऊ दे, तिलाही कुणीतरी सांगायला हवं.

"इदिगो" बदलू नका. नावानं हाक मारायला लागलात तर तिला पुन्हा वाटेल काहीतरी झालंय तुम्हाला. या शब्दाचा अर्थ साधारण "हे बघ" असा ना? २९ वर्षं तिला "हे बघ" म्हणताय. आता ती काही दाखवायला लागली तर तुम्हीही तिकडे बघा, इतकंच.

ता. क. तुमचं पाकीट उघडलं तेव्हा पत्राच्या घडीतून दोरा पडला. पांढरा, वीतभर, मध्ये पिळाची खूण राहिलेला. पुडी बांधायचा. कितीचं सूत आहे ते तुम्ही बोटांनीच सांगाल. चोरून वाचताना तुम्ही खूण काढून सुताच्या वहीत ठेवलीत आणि ती तिथून इकडे आली. पुस्तक कुणीतरी उघडलंय हे म्हणजे तिला गजऱ्याच्या कितीतरी आधी समजलं होतं. ती वाट बघत होती की काय, हे तुम्ही तिलाच विचारा.

दोरा टपालानं तुमच्याच नावावर परत पाठवला आहे. आणि ती वाचणारी बाई आहे, हे सदरही वाचत असणार. नाव छापू नये असं तुम्ही लिहिलं होतंत, ते मी पाळलं. दोऱ्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नव्हतंत.